पुलावरून दिसणारं डिझेल इंजिन टेबलावर आणताना

कल्याणच्या पादचारी पुलावर गर्दीच्या कडेला पाच मिनिटं उभं राहा आणि खाली यार्डाकडे बघत राहा. विजेच्या तारांच्या जाळ्याखालून एखादं डिझेल इंजिन डबे ढकलत येताना दिसलं, तर आधी नजरेत भरतं त्याचं छत. रेडिएटरचा मोठा पंखा, काजळीने माखलेलं धुराडं, भोंगे, जाळ्या. मॉडेल रेल्वेत नव्याने येणाऱ्यांना मी दुकानाच्या आधी असल्या पुलावर जायला सांगतो, कारण टेबलावरचं इंजिनही आपण बहुतेक वेळा वरूनच बघतो.

आता अंतराचा हिशेब. आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारं माप म्हणजे एचओ, अर्थात १:८७. मॉडेल ६० सेंटिमीटरवरून बघणं म्हणजे खरं इंजिन सुमारे ५२ मीटरवरून बघणं. तेवढ्या लांबून जे दिसतं ते आधी करायचं, बाकीचं मागाहून. नवखे लोक बहुधा दारावरच्या कडीपासून सुरुवात करतात. दोन आठवड्यांत डोळे आणि उत्साह दोन्ही दमतात, आणि इंजिनाच्या छतावर मात्र कंपनीने दिलेला गुळगुळीत प्लॅस्टिकचा पंखा तसाच राहतो.

एकच इंजिन निवडा, तेही नंबरासकट

‘डिझेल इंजिन’ असं काही करायला घेऊ नका. एका ठरावीक नंबराचं, ठरावीक काळातलं इंजिन धरा. डब्ल्यूडीएम-२ हा आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा चेहरा. ही इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून यायला लागली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात होऊ लागली. नावातच सगळं आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पण एकाच जातीची दोन इंजिनं सारखी दिसतील याची खात्री नाही. प्रत्येक शेडची (जिथे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाची) रंगसंगती निराळी, दुरुस्तीत बदललेले दिवे निराळे, कुठे जाळी नवी तर कुठे दार दुसऱ्याच रंगाचं. हे वेगळेपण पकडण्यातच या छंदाची सगळी गोडी आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी कोकणात जाणाऱ्या गाडीचं इंजिन निवडलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जाताना कल्याण शेडचं इंजिन पुढे लागलेलं असायचं आणि उतरेपर्यंत आमच्या डब्यासकट सगळ्यावर तांबड्या मातीचा थर चढलेला असायचा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. आता ते दृश्य बघायचं तर जुन्या फोटोंत किंवा आपल्या टेबलावर.

निवडलेल्या इंजिनाचे फोटो जमवा. दोन्ही बाजू, दोन्ही टोकं आणि छत, एवढे पाच तरी हवेत. छताचा फोटो पुलावरूनच मिळतो. फलाटावर जाताना फलाट तिकीट काढा, फोटो काढायचे तर स्टेशनवर आधी विचारून घ्या, आणि चांगल्या कोनासाठी रुळांत किंवा यार्डात अजिबात उतरू नका. मॉडेल कितीही सुंदर झालं तरी ती किंमत मोजण्यासारखी नाही. एकाच इंजिनाचा एक फोटो उन्हातला आणि एक सावलीतला असू द्या, म्हणजे रंग ठरवताना फसगत होत नाही.

माप आणि मूळ मॉडेल

डब्ल्यूडीएम-२ची लांबी १७.१२ मीटर. ८७ने भागलं की १९७ मिलिमीटर येतात. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर साडेबारा. अशी दहा-बारा मापं एका कागदावर काढून टेबलासमोर चिकटवा.

एक तडजोड मात्र आधीच मान्य करा. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात आणि ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजशी जुळतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. म्हणजे भारतीय इंजिन एचओ रुळांवर उभं केलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. काही जण म्हणून १:१०० माप घेतात. त्यात १६७६चे १६.८ होतात आणि तेच रूळ जवळपास अचूक बसतात. पण मग सगळं अंगच स्वतः घडवावं लागतं. पहिल्या इंजिनासाठी १:८७च बरं. फरक डोळ्यांवर येतो तो समोरून, बाजूने नाही.

मूळ मॉडेल म्हणून अल्कोच्या आरएसडी मालिकेतलं सहा आसांचं इंजिन शोधा. ॲटलससारख्या कंपन्यांनी ती काढलेली आहेत, जुनी वापरलेलीही मिळतात. त्यांच्या आणि डब्ल्यूडीएम-२च्या बोगींचं कूळ एकच: तीन आसांपैकी मधला आस बरोबर मध्ये नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. (बोगी म्हणजे इथे चाकांचा सांगाडा. आपण बोलताना डब्यालाही बोगी म्हणतो, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.) हे जमलं नाही तर हाताशी असलेलं कुठलंही लांब नाकाचं डिझेल इंजिन घ्या. कॅब, म्हणजे चालकाची खोली, एका टोकाला आणि चालायला दोन्ही बाजूंनी पट्टी, एवढं साम्य असलं की पुरे. पहिल्याच खेपेला अंग कापून जोडायच्या भानगडीत पडू नका.

विकत घेतल्यावर लगेच उघडू नका. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास हळू चालवा. आवाज, अडखळणं, दिवे, जे काही असेल ते आधी लिहून ठेवा. नाहीतर रंगकाम झाल्यावर इंजिन चाललं नाही तर दोष मूळचा की आपल्या हातचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

हत्यारं कुठून आणायची

या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहे. झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत सोनारांची हत्यारं मिळतात, आणि सोनाराचं हत्यार म्हणजे आपलंच हत्यार: टोकदार चिमटे, बारीक कानस, हाताने फिरवायचा पिन व्हाइस, ०.४ आणि ०.५ मिलिमीटरची ड्रिल बिटं. पितळी तारही तिथेच बघा. २८ गेजची तार ०.३७ मिलिमीटर जाडीची असते. ८७ने गुणलं की ३२-३३ मिलिमीटरची नळी होते, म्हणजे कठड्याला अगदी योग्य. नागदेवी स्ट्रीटला पक्कड, पाना, पॉलिश पेपर. लॅमिंग्टन रोडला एलईडी, रेझिस्टर आणि ३० नंबरची रॅपिंग वायर. ही वायर हिरवी आणि पांढरी दोन्ही रंगांत घ्या. कारण पुढे सांगतो.

उघडणं आणि जुना रंग काढणं

प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत जा. बहुतेक मॉडेलांत आधी दोन्ही टोकांचे कपलर, म्हणजे डबे जोडायचे आकडे, सोडवावे लागतात, मग अंग वर निघतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, कुठेतरी स्क्रू किंवा खटका राहिलेला असतो. स्क्रू आइस ट्रेमध्ये ठेवा, एका खणात एका पायरीचे.

जुना रंग काढायला प्लॅस्टिकचं अंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि दर तासाने जुन्या टूथब्रशने घासून बघा. आधी आतल्या बाजूला थेंब टाकून प्लॅस्टिकला काही होत नाही ना, याची खात्री करा. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर मात्र अंगाजवळही आणू नका. माझ्या पहिल्या इंजिनाची कॅब मी त्या थिनरने पुसली आणि खिडकीच्या चौकटी डोळ्यांदेखत मऊ होऊन वाकल्या. ते अंग मला शेवटी टाकून द्यावं लागलं. अल्कोहोल वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकघरात हे काम करू नका. ते पटकन पेट घेतं.

छत, कठडे, नळ्या

कामाचा सगळ्यात मोठा भाग हा, आणि वेळही इथेच द्या.

रेडिएटरच्या पंख्यापासून सुरुवात करा. स्वस्त मॉडेलांत पंखा आणि त्यावरची जाळी एकाच ठोकळ्यात साच्यातून आलेली असते, खाली पोकळी नसते. तो भाग काळजीपूर्वक कापून गोल भोक करा, आत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची पाती बसवा, आतली भिंत मंद काळी करा आणि वर बारीक जाळी लावा. जाळी म्हणून चहाच्या गाळणीची सर्वांत बारीक स्टीलची जाळी चालते. पंख्याच्या खाली अंधार दिसू लागला की इंजिन एकदम खरं वाटायला लागतं. बाजूच्या हवेच्या जाळ्यांना भोक पाडायची गरज नाही, खाचांत पातळ काळा रंग सोडला की भागतं.

धुराड्याचं तोंड ड्रिलने पोकळ करा. भोंगे बदला. त्यांची दिशा फोटोत बघूनच ठरवा.

मग कठडे. प्लॅस्टिकचे कठडे जाड असतात आणि ५२ मीटरवरूनही ते जाड दिसतात. ते काढून तारेचे करायचे. पितळी तार सरळ करायची युक्ती: एक टोक पक्कडीत, दुसरं टोक दुसऱ्या पक्कडीत, आणि किंचित ताणायचं. तार जरा लांबते आणि काठीसारखी ताठ होते. सगळ्या उभ्या दांड्यांची भोकं आधी पट्टीने आखून सुईने खूण करा, मग पिन व्हाइस. खूण न करता ड्रिल लावलं तर बीट घसरतं. आठ दांड्या एकसारख्या वाकवायला लाकडाच्या तुकड्यावर दोन खिळे ठोकून साचा करा. चिकटवायला सुपरग्लू, तोही थेट बाटलीतून नको. बाटलीच्या झाकणात थेंब घ्या आणि सुईच्या टोकाने लावा. रंग देण्याआधी पितळेला पॉलिश पेपर मारून पुसून घ्या, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आता टोकं. अमेरिकन मॉडेल आणि आपलं इंजिन यांतला सगळ्यात ठळक फरक इथे आहे: आपल्या इंजिनाला बाजूचे दोन बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या थाळ्या, असतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर १९५६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर साडेबावीस. बफरची थाळी म्हणून चपट्या डोक्याचा बारीक खिळा किंवा टाचणीचं मोठं डोकं वापरा, मागे प्लॅस्टिकची नळी. खाली गुरं अडवायची जाळी. ती पितळी पट्टी कापून करता येते, आणि वळणावर बोगीला घासत नाही ना, ते चिकटवण्याआधी रूळावर तपासा. माझी पहिली जाळी घासली होती आणि इंजिन दर वळणाला रुळावरून उतरत होतं.

आणि ती हिरवी-पांढरी वायर. ब्रेक पाइपची नळी हिरवी आणि फीड पाइपची पांढरी, हा आपल्याकडचा रंगसंकेत. रॅपिंग वायरची बाहेरची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे नळीच्या जाडीशी मिळतीजुळती. छोटा तुकडा वाकवून टोकाशी लटकवला की काम झालं, रंगवायलाही नको. पाच मिनिटांचं काम, पण रेल्वेत काम केलेला माणूस मॉडेल बघायला आला की त्याचं बोट सर्वांत आधी तिथे जातं.

दिवे

साध्या १२ व्होल्टच्या डीसीवर चालवणार असाल तर प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, उरलेल्या ९ व्होल्टला ९ मिलिअँपिअर प्रवाह, तेवढा उजेड भरपूर होतो. इंजिन उलट दिशेने गेलं की एलईडीवर उलटा दाब येतो, म्हणून त्याच ओळीत एक १एन४१४८ डायोड जोडा. जुन्या काळातलं इंजिन असेल तर पिवळसर उजेडाचा एलईडी घ्या, निळसर पांढरा अगदी उपरा दिसतो. दिवा अंगातून झिरपून प्लॅस्टिक उजळत असेल तर आतून काळा रंग द्या.

डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) वापरून, ते हुकूम वाचणारा डिकोडर इंजिनात बसवायचा असेल तर वायरचे रंग पाठ करून टाका: लाल आणि काळी वायर रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दिव्यांची सामाईक. मोटरचं कुठलंही टोक चौकटीला टेकलेलं नसावं. टेकलेलं असेल तर डिकोडर क्षणात जळतो. डीसीसीचा एक फायदा असा की लुकलुकणारा पिवळा दिवा सहज करता येतो. अपघात झाला किंवा गाडी अडचणीत आली की शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला सावध करायला चालक हा दिवा लावतो.

रंग, आणि मुंबईची हवा

रंगाचे नियम सगळीकडे सारखेच, पण पावसाळ्यातली मुंबई हा वेगळा विषय आहे. स्प्रेमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेत ओल असेल तर तिचे थेंब रंगातच अडकतात. रंगावर दुधाळ साय येते. जुलैमध्ये बाल्कनीत मारलेला माझा गडद निळा रंग सकाळी राखाडी झाला होता. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी फक्त कापणं, ड्रिल आणि वायरिंग करतो, आणि स्प्रे ऑक्टोबरनंतर. घाईच असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पातळ करून ब्रशने, दोन-तीन हातांत लावा. एअरब्रश असेल तर कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

अंग आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, वाळवा, त्यानंतर बोटं लावू नका. राखाडी प्रायमरचा पातळ हात. प्रायमरखाली सगळे ओरखडे उघडे पडतात. पडू द्या, घासून पुन्हा प्रायमर मारा. मग फिका रंग आधी, गडद नंतर. क्रीम पट्टा हवा असेल तर पूर्ण अंग क्रीम करा, पट्ट्यावर मास्किंग टेप लावा, टेपची कड नखाने दाबा, आणि त्या कडेवर परत एक पातळ क्रीम हात द्या. टेपखाली झिरपायचं ते क्रीमच झिरपतं आणि वरचा गडद रंग रेघेसारखा सरळ येतो. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, अगदी चपट्या कोनात ओढून काढा. वाळताना अंगावर मोठा डबा पालथा घाला. आपल्याकडची धूळ ओल्या रंगाची वाटच बघत असते.

लहान मॉडेलवर रंग मूळ इंजिनापेक्षा किंचित फिका ठेवा. शुद्ध काळा तर कुठेच वापरू नका. बोगींना काळ्यात थोडा तपकिरी मिसळा, नाहीतर त्यांचा सगळा तपशील अंधारात बुडतो.

नंबर आणि नाव

अक्षरांसाठी पाण्यात भिजवून सरकवायचं डेकल पेपर मिळतं. घरच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या लेझर प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावर पांढरे किंवा क्रीम आकडे येत नाहीत. उपाय म्हणजे पांढऱ्या डेकल कागदावर अक्षराभोवती अंगाचाच रंग छापून कापणं. रंग जुळवायला तीन-चार नमुने छापून बघावे लागतात. आकड्यांची उंची फोटोतल्या दाराच्या उंचीशी ताडून काढा. देवनागरीत शेडचं नाव लिहिताना जाड, मोकळा फाँट घ्या. दीड मिलिमीटर उंचीला शिरोरेघ आणि मात्रा एकमेकींत मिसळून जातात.

डेकल लावण्याआधी अंगावर चकचकीत वॉर्निश हवंच. खरखरीत रंगावर डेकलखाली हवा राहते आणि कड रुपेरी चमकते. वाळल्यावर वरून मॅट वॉर्निश.

धूळ, काजळी, तांबडी माती

इथे हात राखून ठेवा. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशने लावा. धुराड्याभोवती काळी, पण एका ठिपक्यासारखी नको. चालत्या गाडीत धूर मागे वाहतो, म्हणून मागच्या बाजूला लांबत जाणारी. अल्को इंजिन वेग घेताना काळा धूर ओकतं, ते कुणी पाहिलं असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही. बोगींवर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा गंजकट तपकिरी. डिझेलच्या टाकीवर, तोंडाच्या खाली, एक चकचकीत काळा ओघळ. माझ्या इंजिनाला खालच्या तिसऱ्या भागात जांभ्याच्या मातीचा रंग दिला आहे. कोकणातून परतलेलं इंजिन म्हणून ते मला लगेच पटतं. पावसाळ्यातलं इंजिन हवं असेल तर उलट करा: अंग धुतलेलं, चाकांजवळ चिखल, आणि छताच्या कडेवरून खाली आलेल्या अगदी बारीक रेघा. चाकांचा जो भाग रुळाला टेकतो तो मात्र अल्कोहोलने पुसून स्वच्छ ठेवा, नाहीतर वीज पोचणार नाही.

शेवटी जोडणी उलट्या क्रमाने, आणि दर दोन स्क्रूंनंतर इंजिन रूळावर चालवून बघा. सगळं बसलं की मोबाईल त्याच कोनात धरा, ज्या कोनातून पुलावरचा फोटो काढला होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. पंख्याच्या जाळीचा रंग, कठड्याची उंची, भोंग्याचा कल, जिथे नजर अडखळेल ते वहीत लिहून ठेवा, आणि सिलिका जेलची दोन पाकिटं टाकून इंजिन झाकणाच्या डब्यात ठेवा.